वेड रक्तात असते काय?

(बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे आम्ही केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोयरीक जुळवायला पाहुणे येतात. शेती किती, विहिरीला पाणी किती, पोरगा दारू पितो की काय, हे सारे ते उघड विचारतात. एक प्रश्न मात्र उघड विचारीत नाहीत. तो न्हाव्याच्या दुकानात, नाही तर लोहाराच्या भात्यापाशी बसून हळूच काढतात: "यांच्या घरात कोणी वेडे होते का हो?" आणि "होय, पोरीच्या चुलत्याचे डोके फिरले होते," असे उत्तर आले की पाहुणे चहा पिऊन जे जातात ते पुन्हा निरोपही धाडीत नाहीत.

या एका प्रश्नाच्या धाकाने घरचे लोक काय करतात? रोगी लपवितात. मागच्या खोलीत, गोठ्यात, नाही तर शेतातल्या कोठ्यात त्याला ठेवितात. दवाखान्यात नेले तर गावभर बोभाटा होईल, धाकट्या बहिणीचे लग्न मोडेल, म्हणून दोन-दोन, चार-चार वर्षे औषधाची एक गोळी त्याच्या पोटात जात नाही. रोग तेवढ्या काळात मुळे धरतो. पोरीच्या लग्नासाठी पोराचा जन्म मातीत जातो, आणि शेवटी बातमी फुटून पोरीचे लग्नही राहून जाते.

तेव्हा हा प्रश्न खरा किती व खोटा किती याचा हिशेब एकदा चारचौघांत मांडावा, एवढ्यासाठी आम्ही तुमच्यापुढे उभे आहोत. हिशेब तुम्हांस नवा नाही. सावकाराच्या चोपडीतला आकडा डोळे मिटून कबूल करू नये, हे आपल्या वाडवडिलांनी जमिनी गमावून शिकून घेतले. रक्ताच्या चोपडीतला आकडाही तसाच ओळीओळीने तपासला पाहिजे.

प्रथम रोग कोणता ते पाहू. वेड हा शब्द आपण फार सैल वापरतो. दारूने बरळणारा वेडा, फिट येणारा वेडा, जन्मापासून बुद्धी कमी असलेलाही वेडा! हे सर्व निरनिराळे विकार आहेत. आज आम्ही बोलत आहो ते स्किझोफ्रेनिया नावाच्या रोगाविषयी. मराठीत त्यास छिन्नमनस्कता म्हणतात. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली हे नाव पुढे आणले. एका माणसात दोन माणसे राहतात असा काहींचा समज आहे, तो चुकीचा. विचार, भावना व वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांधेजोड निखळते, असा त्या नावाचा अर्थ.

लक्षणे अशी. समोर कोणी नसता माणसाला आवाज ऐकू येतात. ते आवाज त्याला शिव्या देतात, हुकूम करतात. शेजारी आपल्या वाईटावर आहेत, जेवणात विष घातले आहे, आपल्या मनातले सर्वांना कळते, असे त्याला ठाम वाटते आणि किती समजाविले तरी पटत नाही. बोलण्याचा धागा तुटतो. पुष्कळांत तर आरडाओरड नसतेच. चांगला कामाचा पोरगा घुम्या होतो, अंघोळ सोडतो, मित्र सोडतो, कोपरा धरून बसतो. घरचे म्हणतात आळशी झाला. बहुधा हे पंधरा ते तीस या वयात सुरू होते. पोरांत थोडे लवकर, पोरींत थोडे उशिरा. जगात दर शंभर माणसांमागे सुमारे एकाला जन्मात केव्हा तरी हा रोग होतो. राजाच्या घरी होतो व वेठबिगाऱ्याच्याही घरी होतो. तेव्हा कोणत्याही मोठ्या गावात त्याचे रोगी असणारच. नाहीत असे जे गाव म्हणेल त्याने ते लपवून ठेविले आहेत इतकेच समजावे.

आता मूळ प्रश्न. हा रोग रक्तात असतो काय? आम्ही तुम्हांस खोटा धीर देणार नाही. आनुवंशिकतेचा यात मोठा वाटा आहे, हे शंभर वर्षांच्या शोधाने ठरले आहे. पण वाटा किती व कसा, हे आकड्यांनी पाहा.

सामान्य माणसाला धोका शंभरात सुमारे एक. ज्याचा सख्खा भाऊ वा बहीण रोगी आहे, त्याला शंभरात सुमारे ९. ज्याची आई किंवा बाप रोगी, त्याला निरनिराळ्या मोजण्यांप्रमाणे शंभरात ७ ते १३. दोघेही रोगी असतील तर २७ ते ४६. आणि ज्या चुलत्यावरून सोयरीक मोडली, त्या चुलत्याच्या पुतणीला? शंभरात २ ते ४. म्हणजे अशा शंभर पुतण्यांपैकी ९६ जणी तरी जन्मभर या रोगापासून मोकळ्या राहतात! त्या ९६ जणींना कोणत्या न्यायाने परत पाठविले?

याहून मोठा दाखला जुळ्यांचा. काही जुळी एकाच गर्भाचे दोन भाग होऊन जन्मतात. त्यांचे रक्त, त्यांचे बीज हुबेहूब एक. रोग निव्वळ रक्तात असता, तर एकाला झाला की दुसऱ्याला झालाच पाहिजे. परंतु जुन्या मोजण्यांत असे दुसरे जुळे शंभरात सुमारे ४८ वेळा रोगी निघाले, आणि डेन्मार्क देशात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मोजणीत ३३ वेळा. बीज तेच, आईबाप तेच, आणि तरीही निम्म्याहून अधिक वेळा दुसरा भाऊ निरोगी! मग "खाण तशी माती" ही म्हण येथे कशी लागू करता?

आणखी एक आकडा लक्षात ठेवा, कारण तो कोणी सांगत नाही. या रोगाच्या दहा रोग्यांपैकी जवळजवळ नवांचे आईबाप दोघेही या रोगापासून मुक्त असतात. म्हणजे ज्या घराण्यात कोणी वेडे नव्हते अशी फुशारकी मारून सोयरीक केली जाते, त्याच घराण्यांतून बहुतेक रोगी जन्मास येतात. कुळी पाहून रोग टाळू म्हणणारा, चाळणीत पाणी धरू म्हणणाऱ्यासारखाच शहाणा.

असे का होते? यासाठी आपल्याच भागातला दुसरा एक रोग शेजारी ठेवून पाहू. सिकलसेल तुम्हा सर्वांस ठाऊक आहे. विदर्भात तो घरोघर ऐकू येतो. त्यात गोष्ट सरळ असते. शरीराच्या बांधणीचा जो लेख आईबापांकडून आपल्याला मिळतो, त्याच्या एकेका कलमास जनुक म्हणतात. सिकलसेलमध्ये एकाच जनुकात एकच अक्षर बदललेले असते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भामागे चारात एक धोका. साधी रक्ततपासणी केली की कार्डावर लिहून मिळते. तेथे लग्नाआधी रक्त तपासणे शहाणपणाचे आहे, आणि ते जरूर करावे.

स्किझोफ्रेनियाचे तसे नाही. जगातील संशोधकांनी एकत्र येऊन ७६ हजारांवर रोगी व २ लाख ४३ हजारांवर निरोगी माणसे यांचे जनुकीय लेख ताडून पाहिले. २०२२ साली तो निकाल छापून आला. त्यात एक नाही, दोन नाही, २८७ ठिकाणी फरक सापडले. यांतला एकेक फरक इतका दुबळा, की एकट्याने तो काहीच करीत नाही. आणि हे फरक रोग्यांतच आहेत असेही नाही. ते तुमच्यात आहेत, आमच्यात आहेत, सोयरीक मोडून गेलेल्या पाहुण्यातही आहेत. कोणाच्या वाट्याला थोडे, कोणाच्या वाट्याला जास्त, इतकाच भेद. खारीक-खोबऱ्याचे वाटप करावे तसे ते साऱ्या मनुष्यजातीत वाटले गेले आहेत. ज्याच्या रक्तात यातले काहीच नाही असा पवित्र पुरुष अजून जन्माला यावयाचा आहे.

यांपैकी काही फरकांचे काम हळूहळू उमगत आहे. सी-फोर नावाच्या जनुकाचा या रोगाशी असलेला संबंध २०१६ साली उघड झाला. तरुणपणी मेंदूतील जास्तीचे सांधे शरीर स्वतःच छाटते, जसा माळी फांद्या छाटतो. या जनुकाच्या काही प्रकारांनी ही छाटणी बेसुमार होत असावी असे दिसते. रोग नेमका तरुण वयात का उपटतो, याचा धागा येथे हाती लागतो. क्वचित एखादा मोठा फरकही असतो. बावीस क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा जन्मतःच गहाळ असला, तर अशा चारांपैकी एकाला पुढे हा रोग होतो. पण ही उणीव बहुतेक वेळा आईबापांत नसते. ती त्या गर्भातच नव्याने उपजते. मग कुळीला दोष कसा द्यावा?

या २८७ ठिकाणांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. ही मोजणी मुख्यतः युरोपातील व थोडी पूर्व आशियातील लोकांवर झाली. आपल्या देशातले लोक तीत नगण्य. चेन्नई येथील स्कार्फ या संस्थेने परदेशी संशोधकांच्या साह्याने तामिळ मुलखात अशी तपासणी केली व तिचा निकाल २०१९ साली बाहेर आला. परंतु तीत माणसे सुमारे तीन हजारच होती. म्हणून उद्या कोणी प्रयोगशाळेवाला पैसे घेऊन म्हणेल की, तुमच्या पोरीचे रक्त पाहून ती वेडी होईल की नाही ते सांगतो, तर त्यास दारातूनच परत धाडा. असे भविष्य सांगण्याची विद्या आज जगात कोणापाशी नाही. जुना ज्योतिषी जन्मपत्रिका पाहून मंगळ सांगत होता. हा नवा ज्योतिषी रक्ताची पत्रिका मांडून शनी सांगेल. दक्षिणा दोघांचीही खरी, भविष्य दोघांचेही खोटे.

आता कोणी शिकलेला माणूस आम्हांस अडवील. तो म्हणेल, "शास्त्रज्ञच सांगतात की, हा रोग ऐंशी टक्के आनुवंशिक आहे." होय, जुळ्यांच्या मोजणीवरून तसा आकडा काढतात. पण त्याचा अर्थ शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला चांगला कळणार नाही. एकाच काळ्या रानात, एकाच दिवशी, एकाच मशागतीवर निरनिराळ्या वाणांची ज्वारी पेरा. ताटांच्या उंचीत जो फरक दिसेल तो जवळजवळ सर्व वाणाचा. म्हणून पाण्याचे महत्त्व नाही काय? त्या वर्षी पाऊस रुसला तर उंच वाण व ठेंगणा वाण दोन्ही वाळतील. वाण तोच राहून सारे पीक बसेल. त्या रानापुरता तो आकडा खरा. पण बियाण्यातच सर्व काही आहे असे त्यावरून म्हणणारा माणूस कधी शेतात उतरलेला नाही.

मग या रोगाच्या बाबतीत पाऊसपाणी ते कोणते? पहिले, आईच्या पोटातला काळ. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली. लोक उपासमारीने मेले. त्या भुकेच्या ऐन कडाक्यात जे गर्भ राहिले, त्या मुलांत पुढे मोठेपणी या रोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. चीन देशात १९५९ ते १९६१ या काळात भयंकर दुष्काळ पडला. तेथेही त्या काळात जन्मलेल्यांत तसेच दिसून आले. पाहा, आईच्या ताटातील भाकरी कमी झाली आणि वीस-पंचवीस वर्षांनी पोराचे मन फाटले! आपल्या घरी सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेसुरले जिला मिळते, ती पोटुशी सूनच ना? तिच्या ताटात आधी वाढा. तिला सातव्या-आठव्या महिन्यात निंदणीला जुंपू नका. बाळंतपण दवाखान्यात करा, कारण अडलेल्या बाळंतपणातही या रोगाचा धोका थोडा वाढतो.

दुसरे, गांजा. कोवळ्या वयात नित्य गांजा ओढणाऱ्या पोरांत हा रोग अधिक होतो. ज्याच्या घरात आधीच रोगी आहे, त्या पोराने तर चिलमीच्या वाऱ्यासही उभे राहू नये. देवाचा प्रसाद म्हणून कोणी दिला तरी घेऊ नये.

तिसरे, घरातले वागणे. फिनलंड देशात डॉ. पेक्का टिएनारी यांनी रोगी आयांची जी मुले दत्तक गेली होती, त्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला. जी मुले शांत, नीट चालणाऱ्या घरात वाढली त्यांत रोग थोडा निघाला. जी भांडखोर, विस्कटलेल्या घरात वाढली त्यांत पुष्कळ अधिक. रक्त दोन्हींचे सारख्याच आयांचे! पण यावरून सासूने सुनेला, वा सुनेने सासूला "तूच याला वेडा केलास" म्हणू नये. कोणत्याही एका माणसाने हा रोग होत नाही. आईच्या वागण्याने मूल वेडे होते असे एके काळी मोठमोठे डॉक्टर म्हणत. ते मत आता टाकून दिले गेले आहे.

मंडळी, "सारा दोष रक्ताचा" हे बोलणे नुसते चुकीचे असते तर आम्ही इतका वेळ घेतला नसता. पण ते गरिबाच्या जिवावर उठते. याचे दोन दाखले देतो.

पहिला अमेरिकेचा. तेथील दक्षिण भागात पेलाग्रा नावाचा रोग माजला होता. कातडी सोलते, जुलाब लागतात, शेवटी वेड लागते. तेथील वेड्यांची इस्पितळे या रोग्यांनी भरून गेली होती. रोगी सगळे गरीब: कुळाने शेती करणारे व सूतगिरणीचे मजूर. चार्ल्स डॅव्हनपोर्ट नावाच्या बड्या विद्वानाने १९१६ साली लिहिले की, या रोगाकडे कल असणे हा रक्ताचा दोष आहे. विद्वानांनी मान डोलाविली. कारण दोष रक्ताचा ठरला की मालकाला मजुरी वाढवावी लागत नाही! पण जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने डोळे उघडे ठेविले. त्याला दिसले की, इस्पितळात रोग्यांना पेलाग्रा होतो, त्यांच्याबरोबर राहणाऱ्या नोकरांना होत नाही. आणि नोकरांचे ताट निराळे असते. १९१५ साली त्याने तुरुंगातल्या अकरा निरोगी कैद्यांना त्यांच्या संमतीने गरिबाचे अन्न दिले: मका, तांदूळ, गूळपाणी; दूध नाही, मांस नाही. काही महिन्यांतच सहा जणांना पेलाग्रा झाला. रोग रक्तात नव्हता, ताटात होता. १९३७ साली त्या उणिवेचे नावही सापडले: नायसिन नावाचे जीवनसत्त्व. आपल्याकडे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दाखविले की, नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या मजुरांतही हाच पेलाग्रा होत होता. यात ज्वारीला नावे ठेवू नका. तिच्याबरोबर वरण, भाजी, शेंगदाणे, दूध मिळाले की भय नाही. पेलाग्रा व स्किझोफ्रेनिया हे रोगही एक नव्हेत. आम्ही फक्त इतकेच दाखवितो की, गरिबाच्या भुकेला रक्ताचा दोष म्हणणे विद्वानांना किती सोपे गेले.

दुसरा दाखला जर्मनीचा, आणि तो सांगताना अंगावर काटा येतो. एर्न्स्ट रुडिन या डॉक्टरने १९१६ साली या रोगाच्या वंशपरंपरेचा पहिला मोठा अभ्यास छापला. पुढे हिटलरचे राज्य आले. १९३३ साली तेथे कायदा झाला की, आनुवंशिक रोग असलेल्यांना जबरदस्तीने निर्बीज करावे. रोगांच्या यादीत स्किझोफ्रेनिया होता, आणि त्या कायद्याच्या मागे रुडिन उभा होता. सुमारे चार लाख माणसे निर्बीज केली गेली. तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४० व १९४१ साली इस्पितळांतले सत्तर हजारांवर रोगी विषारी वायूने मारले, आणि पुढे उपाशी ठेवून व औषधे टोचून आणखी मारले. निर्बीज केलेले व मारलेले मिळून स्किझोफ्रेनियाचे दोन लाखांहून अधिक रोगी होते असा अंदाज आहे. रोगाचे बीज देशातून उपटून काढू, असा त्यांचा दावा! मग उपटले गेले काय? १९६० नंतरच्या वर्षांत जर्मनीत नव्या रोग्यांची मोजणी झाली, तेव्हा रोग कमी झालेला आढळला नाही. आढळणार कसा? दहापैकी नऊ रोगी निरोगी आईबापांच्या पोटी येतात, आणि ते बारीक फरक तर साऱ्या लोकांत वाटलेले आहेत. लाखो माणसांचा बळी घेऊनही "रक्तशुद्धी" झाली नाही, कारण अशुद्ध रक्त नावाची वस्तूच नव्हती.

जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याच्या धंद्याने आपल्या पूर्वजांना किती पिढ्या पायाखाली ठेविले, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. अमक्या पोटी जन्मला म्हणून विद्येचा अधिकारी नाही, तमक्या पोटी जन्मला म्हणून विहिरीला शिवायचे नाही! त्या अन्यायाविरुद्ध ज्यांनी कंबर बांधली, त्यांच्याच घरांतून "त्यांचे रक्त वाईट, तिथे पोर देऊ नका" हे शब्द निघावेत काय? ज्या काठीने आपल्याला मारले, तीच काठी आपण शेजाऱ्याच्या पोरीवर उचलतो आहोत.

मग सोयरिकीच्या वेळी काय करावे? आमचे सांगणे साधे आहे. ज्याला किंवा जिला स्वतःला हा रोग आहे, त्याच्याविषयी लपवून लग्न करू नये. "लग्न केले की पोरगा ताळ्यावर येईल" हे सांगणे पाप आहे. लग्न हे औषध नव्हे, आणि परक्याची लेक ही दवाखान्याची दाई नव्हे. उघड सांगून, उपचार चालू असताना, दोघांच्या राजीखुशीने लग्न झाले तर कित्येकांचे संसार नीट चालतात. पण ज्याचा भाऊ, ज्याची आत्या, ज्याचा चुलता रोगी आहे, तो स्वतः निरोगी असेल तर त्यास नकार देण्यास काडीचा आधार नाही. आणि रोगी बाई औषध घेत असता पोटुशी राहिली, तर औषध आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांस विचारून चालावे.

आता उपचाराचे पाहू. रक्तात काय आहे ते आपल्याला बदलता येत नाही. रोग सुरू झाल्यावर किती दिवसांत उपचार मिळावा, हे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे, आणि रोग्याचे पुढचे आयुष्य पुष्कळसे त्यावर अवलंबून असते. १९५२ सालापासून या रोगावर गुण देणारी औषधे आहेत. ती दोन-चार आठवड्यांत आवाज व संशय कमी करू लागतात. बरे वाटले म्हणून गोळ्या टाकल्या की रोग उलटतो, हे रोगी कुटुंबांनी पक्के ध्यानात ठेवावे. औषधाने जड वाटणे, झोप येणे, वजन वाढणे असले त्रास होतात. ते डॉक्टरांस सांगितले तर औषध बदलून देता येते. सर्वच रोगी पूर्ण बरे होतात असे आम्ही म्हणत नाही. पण पुष्कळ जण शेतात, दुकानात, भात्यावर पुन्हा काम करू लागतात.

तरीही बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली, तेव्हा अशा मनोविकारांच्या दर चार रोग्यांपैकी सुमारे तीन जण उपचाराविना आढळले. हे तिघे जातात कोठे? देवऋषीकडे, भगताकडे, मांत्रिकाकडे. करणी काढण्यासाठी कोंबडे, मग बकरे, मग बायकोचे डोरले! अंगातले भूत काढतो म्हणून दोरीने बांधणे वा काठीने मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्याला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. रोगी साखळदंडाने बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. २८ जण जळून मेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालण्यास बंदी आहे, उपचार म्हणून रोग्यास निर्बीज करण्यास बंदी आहे, आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. हक्क म्हणजे मेहेरबानी नव्हे, हे आम्ही तुम्हांस वेगळे सांगावे काय?

बोरी अरबहून यवतमाळ दूर नाही. तेथे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर आहेत. नागपुरास प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. घरबसल्या विचारायचे असेल तर १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. सरकारने ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केली. आपले नाव गावात कोणाला कळत नाही.

आणि लाज वाटत असेल तर धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांची गोष्ट ऐका. त्यांच्या पत्नीला हा रोग होता. एवढ्या शिकलेल्या माणसाने तो लपविला नाही. त्यांनी १९९७ साली पुण्यात या रोगाच्या रोग्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी संस्था काढली, आणि लोकांना हा रोग समजावा म्हणून २००४ साली निघालेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटाला बळ दिले. घरचे दुःख चव्हाट्यावर आणल्याने त्यांची अब्रू गेली नाही. उलट त्यामुळे हजारो घरांना वाट सापडली.

तेव्हा येथून उठताना प्रत्येकाने दोन गोष्टींचा निश्चय करावा. ज्याच्या घरी असा रोगी झाकून ठेविला असेल, त्याने येत्या बाजारादिवशी बाजार बाजूला ठेवून त्याला यवतमाळास न्यावे. गाडीभाडे नसेल तर शेजाऱ्याने द्यावे. आणि ज्याच्याकडे कोणी पाहुणा "त्यांच्या घरात कोणी वेडे होते का?" असे विचारीत येईल, त्याने त्यास उलट विचारावे, "पोरगी कशी आहे ते पाहिलेत काय?" घरात रोगी असणे ही शरमेची गोष्ट नाही. रोगी असून त्याला औषधावाचून कोंडून ठेवणे, आणि त्याच्या नावाने त्याच्या भावंडांचेही दार बंद करणे, ही मात्र साऱ्या गावाची शरम आहे. ती दूर करण्याला कोणा भटजीचा मुहूर्त लागत नाही.